निमित्ताशिवायचा रविवार

दापोलीहून दहा-बारा किलोमीटरांवर, लाडघरच्या किनाऱ्याला लागून असलेले बुरोंडी हे मच्छीमारांचे गाव. टेकडीवर पृथ्वीच्या अर्धगोलावर उभा केलेला परशुरामाचा पुतळा आणि खाली पसरलेला समुद्र, एवढीच त्याची ओळख पर्यटकांपाशी असते. या गावातून आणि कोळथरे-दाभोळकडच्या गावांतून मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी मुंबईस जाऊ लागल्या, त्यास आता बराच काळ लोटला. त्यांनी कोणती परीक्षा दिली, त्या कोणत्या रुग्णालयात वा कचेरीत लागल्या, त्यांचे लग्न कोठे ठरले, याची चौकशी सर्वजण करतात. परंतु सहा दिवसांची चाकरी संपल्यावर सातव्या दिवशी ही बावीस-तेवीस वर्षांची मुलगी कोठे जाते, कोणाबरोबर जाते आणि तेथे कशात रमते, हा विषय निघाला की तो एक तर थट्टेवारी नेला जातो, नाही तर काळजीच्या सुरात दडपला जातो. माझ्या मते तो तिच्या पगाराइतकाच महत्त्वाचा आहे. मुंबईने कोकणातल्या मुलीला जे दिले त्यात नोकरीच्या खालोखाल मोलाची गोष्ट म्हणजे काही काम नसताना घराबाहेर पडण्याची मुभा. आणि हिंडणे-फिरणे, मैत्रिणींबरोबरची मौज, एखाद्या मुलाशी ओळख वाढविणे, ज्याला आजची मुले डेटिंग म्हणतात, हे सारे त्या एका मुभेतूनच उगवलेले आहे.

गावातली मुलगी बाहेर पडते ती निमित्ताने. दळण आणावयाचे असते, बंदरावर मासळी उतरलेली असते, दापोलीच्या कॉलेजात तास असतात, शेजारी हळदीकुंकू असते. तिच्या वाट्यास आनंदाचे प्रसंग येत नाहीत असे मुळीच नाही. मंगळागौरीच्या रात्रीचे झिम्मे-फुगड्या, शिमग्यात दारी नाचत येणारी पालखी, गणपतीतली जागरणे ज्याने जवळून पाहिली आहेत, तो कोकणातील स्त्रियांचे जीवन नीरस होते असे म्हणण्यास धजणार नाही. पण त्या आनंदाची तिथी पंचांगाने ठरविलेली असते, त्याची जागा कोणाच्या तरी ओटीवर वा अंगणात असते, आणि तेथे चार वडीलधारी माणसे हजर असतात. आज उगीच वाटले म्हणून तिन्हीसांजेस पुळणीवर जाऊन बसते, असे म्हणण्याची सोय तिला नसते. तिचा भाऊ धक्क्यावर, पारावर, टपरीपुढे रात्री नऊ-दहापर्यंत बसतो. त्याला कशाला गेला होतास म्हणून कोणी विचारीत नाही, आणि विचारलेच तर 'असाच' एवढे उत्तर पुरते. तेच उत्तर बहिणीने दिले तर घरात दोन दिवस अबोला राहील.

मुंबईने ही मुभा आधी पुरुषांना दिली. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढली आणि त्यानंतरच्या अर्धशतकात गिरण्यांना माणसे पुरविणारा मुख्य मुलूख म्हणून रत्नागिरी जिल्ह्याची ख्याती झाली. हर्णै, दाभोळ या बंदरांत आगबोट दूर खोल पाण्यात उभी राहावयाची, पडावातून तिच्यापर्यंत जावयाचे आणि मुंबईस भाऊच्या धक्क्यावर उतरावयाचे, हा प्रवास आमच्या भागातील पुरुषांनी पिढ्यान्पिढ्या केला. गिरणगावात एकेका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली एकेक खोली असे. तीत पाळीप्रमाणे झोपणारे दहा-वीस गडी, जेवणास कोणा बाईची खानावळ, संध्याकाळी भजन, तालीम, बाल्या नाच, आणि पगाराच्या दिवशी नाटक नाही तर सिनेमा. त्यांचे कष्ट मोठे होते, मनीऑर्डर चुकू न देण्याची त्यांची निष्ठाही मोठी होती. परंतु त्यांना शहराची संध्याकाळ मिळाली हेही खरे आहे. ती मनीऑर्डर ज्यांच्या अंगठ्यावर घेतली जाई त्या बायका गावी सासूसासरे, गुरे आणि सरकारी सारा सांभाळीत राहिल्या. या विभागणीची खूण जनगणनेच्या दप्तरात अजून स्पष्ट दिसते. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे २००१ साली ११३६ आणि २०११ साली ११२२ स्त्रिया होत्या. मुंबई शहर जिल्ह्यात २०११ साली हेच प्रमाण ८३२ होते. एका जिल्ह्याचे पुरुष दुसऱ्यात राहावयास गेले तर आकडे असेच दिसणार.

तरीही एखादी स्त्री या वाटेने आधी गेली होती, आणि तिची हकीकत येथे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई ही बालविधवा. तिचे बंधू नरहरपंत मुंबईत शिकत होते. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईस शारदासदन उघडले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाई होती. नरहरपंतांचे स्नेही धोंडो केशव कर्वे हे दापोली तालुक्यातील मुरुडचे. बुरोंडीच्या उत्तरेस, त्याच किनाऱ्यावर ते गाव आहे. १८९३ च्या मार्चमध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला, त्या आनंदीबाई झाल्या, आणि मुरुडकरांनी कर्व्यांना वाळीत टाकले. ही गोष्ट आपण समाजसुधारणेचे एक पर्व म्हणून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आनंदीबाईंचे 'माझे पुराण' हे आत्मचरित्र वाचताना मला राहून राहून वाटते ते असे की, केशवपन झालेली, घराच्या माजघरात आयुष्य सरावयाचे असे ठरून गेलेली एक तरुण बाई मुंबईच्या एका घरात आपल्या वयाच्या मुलींबरोबर पाटीपुस्तक घेऊन बसली, बोलली, हसली, हा बदल तिला स्वतःला विवाहाहूनही आधी आणि कदाचित अधिक जाणवला असावा. पुढे कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाख रुपयांच्या देणगीनंतर त्यास त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे नाव मिळाले. मुरुडने ज्याला पंक्तीतून उठविले त्याच्या विद्यापीठाच्या चर्चगेटकडील इमारतीतून निघून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर जाऊन बसावयास आज एखाद्या विद्यार्थिनीला पायी दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

माझ्या परिचयाची बुरोंडीची एक मुलगी आहे. वडील होडीवर जातात, ती मुंबईच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि नालासोपाऱ्यास आणखी दोघींबरोबर भाड्याच्या खोलीत राहते. तिचा सुटीचा दिवस कसा जातो ते मी तिला एकदा खोदून विचारले, आणि तिनेही संकोच न करता सविस्तर सांगितले. सकाळ कपडे धुण्यात, खोली झाडण्यात आणि गावी फोन करण्यात जाते. दुपारी जेवून तिघी निघतात. स्टेशनच्या पुलाखाली मिळणारी कानातली एकीची दुसरीने घालावयाची असा त्यांचा रिवाज आहे. विरारकडून येणारी गाडी रविवारी जरा मोकळी असते. दादरला उतरले तर शिवाजी मंदिरात दुपारचे नाटक, बाल्कनीतले स्वस्त तिकीट, मध्यंतरातला बटाटावडा. नाटक सुटल्यावर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तासभर. शेवटपर्यंत गेले तर चर्चगेट आणि मग समुद्र. तेथे त्या काय करतात असे विचारल्यावर ती म्हणाली, "काही नाही हो. चपला काढून बसतो. शेंगदाणे घेतो. सायकलवर कॉफी घेऊन फिरतात ना, त्यांच्याकडून एक कॉफी तिघींत." आणि थोडे थांबून म्हणाली, "घरी समुद्र बघायचा म्हणजे वारा कुठला आहे ते बघायचं. पप्पांची बोट आली का ते बघायचं. इथे नुसता बघते."

दोन्ही ठिकाणी समुद्र तोच, अरबी. पण जन्मापासून ज्याच्याकडे उपजीविकेच्या आणि भीतीच्या नजरेने पाहिले तो निव्वळ डोळ्यांच्या सुखासाठी पाहावयास मिळण्यासाठी तिला सव्वादोनशे किलोमीटर दूर यावे लागले, हे ऐकून मला आनंद झाला आणि वाईटही वाटले.

मरीन ड्राइव्हचे महत्त्व ते सुंदर आहे एवढ्यापुरते नाही. साडेतीन किलोमीटरांहून लांब अशा त्या कठड्यावर बसण्यास पैसा पडत नाही, तेथे कोणी काय घेणार म्हणून विचारीत नाही, आणि रात्रीही इतकी वर्दळ असते की एकट्या स्त्रीकडे कोणी वळून पाहत नाही. मागच्या बाजूस उभ्या असलेल्या आर्ट डेको धाटणीच्या इमारतींना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशात स्थान दिले. कठडा मात्र कोणत्याही यादीवाचूनच मुंबईच्या तरुणांची वतनी जागा झालेला आहे. जहांगीर कलादालनात १९५२ पासून चित्रे पाहावयास मिळतात, तेथेही दाम मोजावे लागत नाहीत. फेब्रुवारीत काळा घोडा परिसरात महोत्सव भरतो, तोही पाहणाऱ्यास फुकट. पगारातले पाच-सहा हजार गावी धाडणाऱ्या मुलीला अशा जागांची किंमत नेमकी ठाऊक असते.

आणि या साऱ्या जागांच्या आधी येतो तो लोकलचा स्त्रियांचा डबा. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी संपूर्ण गाडीच स्त्रियांसाठी सोडली, तेव्हा तिचे जगातली अशी पहिली गाडी म्हणून कौतुक झाले. परंतु डब्याचे खरे कार्य त्याहून जुने आणि अधिक खोल आहे. भाजी निवडणे, भिशीची वर्गणी, नवरात्रात रोज ठरलेल्या रंगाच्या साड्या, दसऱ्याला डब्यास लावलेली तोरणे, एखादीचे डोहाळजेवण, आणि मधूनच चौथ्या सीटवरून ऐन भरात झालेले भांडण, हे सर्व तेथे चालते. गावाहून नव्याने आलेली मुलगी शहर शिकते ते येथे. कोणत्या स्टेशनवर कोणत्या बाजूस उतरावे, कोणत्या पुलावर रात्री जाऊ नये, कोणत्या बॉसला काय उत्तर द्यावे आणि 'तो' जो रोज फोन करतो तो विश्वासाचा आहे की नाही, याबद्दलचा सल्ला तिला चाळीस वर्षांच्या अनोळखी बाया देतात. मंगळागौरीच्या ओटीवर वडीलधाऱ्या बायकांचा जो पहारा होता त्यातली माया तेवढी या डब्यात शिल्लक राहिली आहे, असे मला वाटते.

आता त्या 'तो'कडे वळू. मुलगा आणि मुलगी यांनी लग्न ठरण्यापूर्वी, किंवा लग्न ठरविण्याचा हेतू नसतानाही, दोघांनीच भेटावे, ही गोष्ट मुंबईस नवी नाही. बासू चटर्जी यांच्या १९७६ च्या 'छोटी सी बात' चित्रपटात बसच्या थांब्यावर जुळलेले प्रेम जहांगीरच्या आवारातल्या समोवार उपाहारगृहापर्यंत पोहोचते. ते उपाहारगृह २०१५ साली बंद झाले तेव्हा पुष्कळ साठी उलटलेल्या जोडप्यांना हळहळ वाटली. त्याच सुमाराचा, १९७७ चा 'घरौंदा' दोघांना डोक्यावर छप्पर मिळत नाही या दुःखावर उभा आहे. या दोन चित्रपटांतून मुंबईतल्या प्रेमाचे दोन्ही कायमचे प्रश्न समजतात: भेटावे कोठे आणि राहावे कोठे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पिढी आपापल्या ऐपतीप्रमाणे शोधते. इराण्याच्या हॉटेलात एका चहावर बराच वेळ काढता येत असे. तशी हॉटेले आता थोडीच उरली, पैकी धोबीतलावचे कयानी १९०४ पासून चालू आहे. जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ साली सुरू झाले, तेथील कॅफेत नाटक न पाहताही बसता येते. आणि नव्या मुलींचा ओढा मॉलकडे आहे.

मॉलविषयी नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मीही पूर्वी मॉलकडे व्यापाराचा बाजार यापलीकडे पाहत नसे. पण लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये रविवारी फिरून पाहावे. तेथे दिवे लख्ख असतात, दारावर पहारा असतो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे स्वच्छ स्वच्छतागृह असते. हा शेवटचा मुद्दा लेखातून वगळावा असे काहींना वाटेल. पण स्त्रियांच्या सार्वजनिक जीवनाचा विचार त्यावाचून करताच येत नाही. पुरुष दिवसभर शहरात हिंडू शकतो याचे एक कारण त्याची ही अडचण शहराने सोडविलेली आहे. मुलगी मात्र घरून निघताना पाणी पिणे टाळते आणि बाहेर किती तास राहावे याचा हिशेब त्यावरून करते. २०११ साली मुंबईतल्या काही संस्था-कार्यकर्त्यांनी 'राईट टू पी' नावाची चळवळ सुरू करून महानगरपालिकेपुढे ही मागणी मांडली, तेव्हा प्रथम अनेकांना ती संकोचाची वाटली. माझ्या दृष्टीने नाट्यगृहे आणि उद्याने यांच्याइतकीच ती मागणी सांस्कृतिक आहे. ज्या परळ-लालबागच्या गिरण्यांत रत्नागिरीचे आजोबा खाते सांभाळीत होते, १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख कामगारांनी जेथे संप पुकारला आणि तेथून पुढे ज्यांचे भोंगे एकामागून एक कायमचे थांबले, त्याच जमिनीवर आज त्यांची नात सरकत्या जिन्यावर मैत्रिणीचा हात धरून उभी असते. तिला त्या जमिनीचा इतिहास ठाऊक असावा असे मला तीव्रतेने वाटते. पण तो ठाऊक नाही म्हणून तिचा तेथला आनंद कमी प्रतीचा ठरत नाही.

भेटण्याची रीतही बदलली. ओळख कॉलेजात वा कचेरीत होते तशी फोनवरच्या ॲपमधूनही होते. २०१८ च्या अखेरीस भारतात आलेल्या बंबल या ॲपमध्ये मुलामुलींची पसंती जुळल्यावर सुरुवातीस पहिला शब्द मुलीनेच लिहावयाचा असे, आणि येथील स्त्रियांना पूर्ण नावाऐवजी केवळ आद्याक्षर दाखविण्याची सोय त्याने ठेवली. ही सोय का लागली हे आपल्याकडच्या कोणत्याही मुलीला सांगावे लागणार नाही. प्रत्यक्ष भेटीचे नियम मुलींनी आपसांत ठरविलेले आहेत. पहिली भेट दिवसाउजेडी, गर्दीच्या जागी. खोलीतल्या मैत्रिणीला फोनवर आपले ठिकाण कळवीत राहावयाचे. ठरल्या वेळी तिचा फोन येणार, आणि भेट नकोशी झाली असेल तर तोच फोन उठण्याचे कारण होणार. बिल आले की टीटीएमएम, तुझे तू आणि माझे मी. या शेवटच्या रिवाजाला मी मोठे मोल देतो. सिनेमाचे तिकीट आणि कॉफी दुसऱ्याने घेतली की त्याच्या मनात एक अदृश्य खाते उघडते, आणि कधी ना कधी त्याची वसुली मागितली जाते, हे मुली अनुभवाने शिकल्या आहेत. स्वतःचे दीडशे रुपये स्वतः मोजणारी मुलगी टेबलावरून केव्हाही उठू शकते.

मग आडनाव येते. शहरात सर्व जातिधर्मांची माणसे एका बाकावर बसतात हे खरे, परंतु तिसऱ्या-चौथ्या भेटीत कोठे तरी आडनाव, गाव आणि वाडी विचारली जातेच. मुलगा विचारीत नसेल तर त्याची आई विचारते. बुरोंडीसारख्या गावाचे मुंबईकर मंडळ असते, त्यांचे व्हॉट्सॲपवरचे गट असतात, आणि जुहूच्या वाळूत कोणाबरोबर तरी दिसलेल्या मुलीची वार्ता ती खोलीवर परतण्यापूर्वी गावच्या ओटीवर पोहोचलेली असते. मुंबईचे मोठेपण अनोळखीपणात आहे असे म्हणतात. कोकणी मुलीला तो अनोळखीपणा पुरता कधी लाभत नाही. गोष्ट लग्नापर्यंत गेली आणि जातधर्म निराळे असले तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने वाट मोकळी केली आहे, पण तीस दिवसांच्या नोटिशीची अट घालून. दोघांची नावे विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत तेवढे दिवस लावून ठेवली जातात. पळून आलेल्या वा घरच्यांना भिणाऱ्या दोन सज्ञान माणसांना हा महिना किती लांब वाटत असेल याची कल्पना कायदा करणाऱ्यांना नसेल असे नाही, परंतु ती अट इतक्या वर्षांनंतरही कायम आहे.

जोडप्यांना बसावयास जागा देण्याच्या बाबतीत शहराचे वर्तन आजवर उदार राहिलेले नाही. राणीचा बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, ही पिढ्यान्पिढ्यांची स्वस्त सावली होती. २०१७ साली प्रवेशमूल्य पाच रुपयांवरून पन्नास झाले. ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांनी मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर धाडी घालून चाळीसच्या आसपास जोडप्यांना ठाण्यात नेले, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याचे कलम लावून दंड वसूल केला, आणि काहींच्या घरी फोन केले. हॉटेलची बंद खोली सार्वजनिक ठिकाण कशी होते, हा प्रश्न त्या वेळी सर्वत्र विचारला गेला. दंडाची रक्कम माणूस विसरतो, घरी गेलेला फोन आयुष्यभर राहतो. आणि मुलाच्या घरी गेलेल्या फोनाचा परिणाम व मुलीच्या घरी गेलेल्या फोनाचा परिणाम यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. २०२१ साली बोरिवलीत एका गृहसंकुलासमोरच्या रस्त्यावर रहिवाशांनी चुंबनास मनाई असल्याचे मोठ्या अक्षरांत रंगवून टाकले. रहिवाशांची अडचण मला समजते. परंतु टाळेबंदीच्या दिवसांत घरी जागा नाही, बाग बंद, हॉटेल बंद, अशा स्थितीत ती मुले कोठे जाणार होती याचा विचार कोणीतरी करावयास हवा होता.

येथपर्यंत वाचणाऱ्या आईबापांच्या मनात एकच प्रश्न असेल, आणि तो रास्त आहे: मुलीच्या सुरक्षिततेचे काय? ऑगस्ट २०१३ मध्ये महालक्ष्मीजवळच्या ओसाड शक्ती मिलमध्ये एका तरुण छायाचित्र-पत्रकार स्त्रीवर सामूहिक अत्याचार झाला. ती तेथे आपल्या नोकरीच्या कामासाठी, एका सहकाऱ्यासमवेत, दिवस मावळण्याच्या सुमारास गेली होती. तेव्हा निमित्त असले म्हणजे मुलगी सुरक्षित आणि निमित्त नसले म्हणजे धोक्यात, ही आपली समजूत किती कच्ची आहे ते त्या एका घटनेने दाखविले. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईच्या रस्त्यांवर काही वर्षे संशोधन करून २०११ साली 'व्हाय लॉइटर?' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मुंबईतली स्त्री सतत आपण कामाने निघालो आहोत असे दाखवीत चालते, हातात पिशवी वा फोन धरते, एका जागी थांबत नाही. आणि शहरावर तिचा हक्क तेव्हाच सिद्ध होईल जेव्हा ती निरुद्देश रेंगाळू शकेल. रस्त्यावर जितक्या अधिक बायका उगीच बसलेल्या असतील तितका तो रस्ता प्रत्येकीला सुरक्षित होईल. हे तर्कशास्त्र मला पूर्णपणे पटते. मरीन ड्राइव्ह रात्री सुरक्षित वाटतो याचे कारण पोलीस चौकी हे आहेच, पण त्याहून मोठे कारण तेथे बसलेल्या इतर स्त्रिया हे आहे.

याच्या उलट आपण करतो ते असे की धोका दिसला की मुलीच्या वेळेला कात्री लावतो. नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहांना साहाय्य देण्याची केंद्र सरकारची योजना १९७२-७३ पासून आहे, आणि अशी वसतिगृहे अजूनही गरजेच्या मानाने फार थोडी आहेत. पण बहुतेक वसतिगृहांत आणि खासगी पेइंग गेस्ट घरांत रात्री नऊ-साडेनऊला दार लागते. राज्याच्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्याने डिसेंबर २०१७ पासून स्त्रीला, तिची संमती असेल आणि मालकाने बंदोबस्त केला असेल तर, रात्री साडेनऊनंतर काम करण्यास परवानगी दिली आहे. म्हणजे रात्रपाळीसाठी बाहेर असणे कायद्यास मान्य, आणि नाटक नऊ वाजता सुटले म्हणून साडेदहाला परतणे घरमालकिणीस अमान्य. त्या परिचारिकेने मला सांगितले की पूर्वीच्या एका खोलीत, जिथे ती वर्षभर होती, पाळी असली की बाराला आले तरी दार उघडत असे, आणि वाढदिवसाच्या दिवशी दहाला आली तेव्हा जिन्यात उभे राहावे लागले. ती खोली सोडून त्या तिघींनी नालासोपाऱ्यास जागा घेतली. प्रवास वाढला, पण किल्ली हाती आली.

आज गाव आणि मुंबई यांतले अंतर सैल झाले आहे. कोकण रेल्वे खेडपर्यंत आणते. मार्च २०२३ पासून एस. टी.त स्त्रियांना निम्मे भाडे आहे, त्यामुळे दापोलीच्या रात्रीच्या गाडीत एकट्या मुली पूर्वीपेक्षा अधिक दिसतात. त्या सणाला येतात, आणि त्यांच्या लक्षात एक गोष्ट येते. लाडघरच्या किनाऱ्यावर, तामसतीर्थाच्या तांबूस पाण्याजवळ, पुण्या-मुंबईची जोडपी हातात हात घालून चालत असतात, घोडागाडीत बसतात, सूर्यास्ताची छायाचित्रे काढतात. त्यांच्यासाठी निवास, खानावळी, मार्गदर्शक फलक, सर्व व्यवस्था झालेली आहे, आणि त्या पैशावर गावातल्या अनेक चुली पेटतात. त्याच पुळणीवर गावची मुलगी मात्र संध्याकाळी बसलेली क्वचितच आढळते. ग्रामपंचायतीने पर्यटकांसाठी बाके घातली तर त्यांतली दोन गावच्या लेकीसुनांनी आपली मानावीत, आणि त्यांना तेथे बसलेले पाहून कोणी कपाळास आठी घालू नये, एवढ्या साध्या गोष्टीने बुरोंडीत पुष्कळ बदलेल. त्यास निधी लागत नाही, ठराव लागत नाही.

गेल्या दिवाळीत त्या परिचारिकेने खोलीतल्या दोघींना गावी आणले. एक विदर्भातली, तिने त्यापूर्वी होडी पाहिली नव्हती. तिघी लाडघरला निघाल्या तेव्हा शेजारच्या काकूंनी नेहमीचा प्रश्न केला, आणि मुलीच्या आईनेच पुढे होऊन उत्तर दिले, "फिरायला चालल्यात." मग पायांत चपला घालून तीही त्यांच्याबरोबर गेली. पन्नाशीच्या त्या बाईचे सारे आयुष्य त्या किनाऱ्यावर मासळीच्या टोपल्या वाहण्यात गेले आहे. परत येताना तिने मुलीला विचारले की दादरचे ते नाटक दुपारी किती वाजता असते, आणि एका दिवसात गावी परतता येते का. परतता येत नाही, असे मुलीने सांगितले. तेव्हा येत्या मे महिन्यात चार दिवस मुंबईस जाण्याचे ठरले असून, घरात पप्पांच्या जेवणाची व्यवस्था काय करावयाची यावर सध्या बोलणी चालू आहेत.